अकरा मिनिटांचं फाटक

धर्मराज उबाळेनं सत्तावीस वर्षांच्या नोकरीत फाटकाचा नियम अगदी पुस्तकात लिहिलाय तसा एकदाच पाळला, आणि त्या एका पाळण्यानं सख्ख्या भावाच्या आयुष्याचं मातेरं केलं. बाकीचे सगळे दिवस त्यानं तो चार गेटमन पाळतात तसाच पाळला, म्हणजे जरा सैल. त्या सैलपणापायी कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

फाटक होतं बदलापूर सोडलं की वांगणीच्या अंगाला. दोन दांड्या, त्या खालीवर करायला हँडलचं चाक, शेजारी टेकून उभी राहिलेली पत्र्याच्या छपराची केबिन. स्टेशनातून फोन यायचा, की गाडी मागच्या स्टेशनातून सुटली, गेट बंद करा. नियम असा, की फोन आला की दांडी खाली. पण मालगाडीला वांगणीहून तिथं यायला दहा-बारा मिनिटं लागायची. फोनसरशी फाटक पाडलं तर दिवसातला निम्मा वेळ रस्ता बंदच राहील आणि लोक गेटमनला शिव्या घालून घालून अर्धा करतील. म्हणून धर्मराज फोन ठेवला की बाहेर यायचा, रस्ता बघायचा, आलेली बैलगाडी, शाळेची पोरं, भाजीवाल्या बाया, सगळ्यांना पलीकडे घालवायचा, आणि मग चाक फिरवायचा. चार मिनिटं. त्याची ती चार मिनिटं ठरलेली होती, एक कमी नाही की एक जास्त नाही.

हे उबाळे अंबरनाथच्या बुवापाड्यातले. बाप आगपेटीच्या कारखान्यात मजुरी करता करता गेला, आई त्याच्या मागून दोन वर्षांनी. तेव्हा धर्मराज लग्नाचा होता आणि हिरामण दहाचा. म्हणजे नावाला भाऊ, वाढवला मुलासारखाच. धर्मराजची बायको अंजनी सासरी आली ती एकदम दहा वर्षांच्या पोराची आईच होऊन, आणि तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही, हे तिच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. अख्ख्या पाड्यात रेल्वेत लागलेला धर्मराज पहिला. त्याचं कौतुक झालं, तसं दुसरंही झालं. सवलतीतून लागलाय, कामाचं काय येतंय याला, असं त्याच्या पाठीमागे बोललं जायचं आणि कधीकधी पुढ्यातसुद्धा. त्यानं उलट उत्तर कधी दिलं नाही. फक्त मनाशी एक धरलं, की आपल्यावर कुणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही. कपडे इस्त्रीचे, झेंडे धुतलेले, केबिन झाडलेली. चांगलीच गोष्ट. पण चांगली गोष्टसुद्धा माणसाच्या अंगात किती मुरावी याला काही माप असतं की नाही?

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी त्याच्या फाटकावर एक बाई गेली. वांग्यांची पाटी डोक्यावर, फाटक पडलेलं, ती दांडीखालून वाकून निघाली. पाटी दांडीला अडकली, ती सावरायला म्हणून बाई मागे वळली, आणि तेवढ्यात गाडी आली. पुढचं सगळं धर्मराजलाच गोळा करावं लागलं. तो घरी आला, दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं बारा वर्षांच्या हिरामणला हाताला धरून भिंतीपाशी नेलं, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीवर त्याचा हात ठेवला आणि म्हणाला, "दांडी खाली असली की थांबायचं. गाडी दिसो न दिसो. कुणी हसो, कुणी पुढे जावो. शब्द दे." पोरानं शब्द दिला. आमच्याकडे बाबासाहेबांच्या तसबिरीवर हात ठेवून दिलेला शब्द म्हणजे काय असतो ते वेगळं सांगायला नको.

त्याच वर्षापासून हिरामण भावाचा डबा न्यायला लागला. अंजनी चुलीवरून भाकरी उतरवायची, पोरगं डबा हँडलला अडकवायचं, आणि बुवापाड्यातून निघालेलं ते थेट फाटकावरच थांबायचं. जुनी काळी सायकल, एक पेडल तुटकं, आणि तरी धर्मराजनं झाकण काढलं की भाकरीतून वाफ यायची. सोमा म्हणून एक जवळच्या गावचा शेतकरी फाटकापाशी चहाची टपरी चालवायचा. तो म्हणायचा, हे पोरगं सायकल चालवत नाही, सायकल याला घेऊन पळते.

उल्हासनगरात चार नंबर कॅम्पात टिकमदास नावाच्या सिंध्याचं सायकलचं दुकान होतं. हिरामण तिथं ट्यूबचं पंक्चर काढायला गेला आणि भिंतीवरचं एक चित्र बघत बसला. कुठल्याशा इंग्रजी मासिकातून फाडलेलं, साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या एका फ्रेंच सायकलवाल्याचं. मोठ्या मिशा, अंगावर धूळ, आणि छातीवर जानव्यासारख्या दोन ट्यूबा आडव्या टाकलेल्या. टिकमदास म्हणाला, की त्या काळी या लोकांच्या शेकडो मैलांच्या शर्यती असायच्या, दिवस मावळला तरी चालूच, मदतीला कुणी नाही, ट्यूब फुटली तर आपली आपण बदलायची आणि पुढे निघायचं. पोराला ते चित्र असं काही चावलं की काय सांगावं. दुसऱ्या दिवसापासून हा छातीवर दोन ट्यूबा टाकून डबा घेऊन निघाला. बुवापाड्यातल्या पोरांनी त्याचं नाव फ्रेंच पाडलं आणि ते चिकटलं. टिकमदासला त्यात काय दिसलं देव जाणे, पण त्यानं इकडचा सांगाडा, तिकडचं चाक असं जमवून एक रेसची सायकल उभी केली आणि पोराला दिली. पोराला तो सिंधीत पुट म्हणायचा. म्हणाला, "ले पुट, चला. टूटी तो मेरी, जीती तो तेरी."

आणि हिरामण जिंकायला लागला. मुरबाडची शर्यत, शहापूरची, पनवेलची. जितका रस्ता लांब तितका तो खुलायचा. पहिल्या वीस किलोमीटरांत मागे असायचा, लोक म्हणायचे संपला, आणि साठाव्या किलोमीटरला तो एकटाच दिसायचा. स्टीलच्या घागरी आणि डबे एवढे आले की अंजनीनं भांड्यांच्या दुकानाची पायरी चढायचं सोडून दिलं. पण घागरींनी पोट भरत नाही. हिरामण एका कारखान्यात हंगामी होता, सहा महिने काम आणि मग ब्रेक, पुन्हा सहा महिने आणि पुन्हा ब्रेक. कायम होण्याचं नाव नाही.

अशात पंच्याऐंशी सालच्या पावसाळ्यानंतर बातमी आली. अंबरनाथच्या एका रसायनांच्या कंपनीनं शर्यत जाहीर केली होती, उल्हासनगरपासून खोपोली आणि परत, सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. पहिला येईल त्याला खेळाडू म्हणून कंपनीत घेणार, कायम. वयाची अट पंचवीस. हिरामणला जानेवारीअखेर पंचविसावं पुरं होत होतं आणि शर्यत होती सव्वीस जानेवारीला. म्हणजे हीच एक, पुढची नाही. घरात त्या चार महिन्यांत दुसरा विषय नव्हता. अंजनी हरभरे भिजत घालायची, अंडी उकडायची, आणि त्याच्या लग्नाची बोलणी मुद्दाम पुढे ढकलायची, की कायम झाला की बोलू.

धर्मराजनं त्या दिवशी रजा घ्यायला हवी होती. साहेबानं दिलीही असती. पण त्याला हौस, की भाऊ पहिला येताना आपल्या फाटकातून जावा आणि आपण हिरवा झेंडा हातात घेऊन तो बघावा. त्यानं दुसऱ्याशी ड्यूटी बदलून घेतली आणि सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून फाटकावर हजर झाला. त्या हौसेला पुढे त्यानं किती शिव्या घातल्या असतील त्याची गणती नाही.

सकाळी सायकली खोपोलीकडे गेल्या तेव्हा फाटक उघडं होतं, सगळे एका घोळक्यात निघून गेले. दहाच्या सुमाराला परतीची वाट बघत सोमाच्या टपरीवर ही गर्दी जमली. सोमाचा स्वभाव टिवल्याबावल्या करायचा. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की आज काय काळजी, घरचंच गेट आहे, उबाळे गाडीच थांबवतील. लोक खो खो हसले. धर्मराजही हसला, पण ते त्याला लागलं. तेवढ्यात शर्यतीच्या कमिटीतला एक जण मोटारसायकलवरून पुढे आला, पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी. त्यानं चौकशी केली आणि म्हणाला, "पहिला येतोय तो तुमचा भाऊ ना? बघा हं, काही गडबड नको." एवढंच. म्हणाला आणि पुढे निघूनही गेला. त्या माणसाला संध्याकाळपर्यंत आपण काय बोललो ते आठवतही नसेल.

धर्मराजच्या मात्र कानात ते घुमत राहिलं. पंधरा वर्षं जपलेलं सगळं त्या एका वाक्यानं कुणीतरी उचकटून बघितलं असं त्याला झालं. आणि तेव्हाच केबिनमधला फोन वाजला. वांगणीहून मालगाडी सुटली, गेट बंद करा.

तो बाहेर आला. चाकाला हात लावला आणि सवयीनं रस्ता बघितला. चिंचेच्या वळणावर हिरामण दिसला. एकटा. छातीवर दोन ट्यूबा, मान खाली, पाय एका लयीत. त्याच्या मागे अर्ध्या मैलात चिटपाखरू नाही. दोनशे पावलं राहिली असतील. पंधरा-वीस सेकंदांचं काम. बैलगाडीला चार मिनिटं द्यायचा तो माणूस. टपरीवरचे सगळे आता त्याच्याकडे बघत होते, आणि धर्मराजला त्या क्षणी भाऊ दिसला नाही, ते बघणारे दिसले. त्यानं चाक फिरवलं. दांड्या खाली आल्या.

हिरामणनं करकचून ब्रेक दाबला, मागचं चाक घसरलं, आणि तो दांडीला हात लावून एका पायावर उभा राहिला. त्यानं केबिनकडे बघितलं. धर्मराज तोपर्यंत झेंडा घेऊन वांगणीच्या दिशेनं तोंड करून उभा होता, कारण रूळ मोकळे होते आणि त्याला भावाच्या डोळ्याला डोळा द्यायचा नव्हता. सोमाच ओरडला आधी, अरे वाक, गाडी कुठाय, जा खालून. मग सगळेच ओरडायला लागले. दोघा-तिघांनी तर सायकल उचलून द्यायला हात पुढे केला. हिरामण जागचा हलला नाही. छाती भात्यासारखी चालली होती आणि घाम दांडीवर टपटपत होता, पण पाय जमिनीवर.

सातव्या मिनिटाला मागचे दोघे आले. एकानं सायकल खांद्यावर घेतली, दुसऱ्यानं आपली दांडीखालून सरकवली, आणि दोघे पलीकडे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तिसरा आला, तोही तसाच गेला. अकराव्या मिनिटाला मालगाडी आली, तीही कशी, वाघिणी मोजत बसावं अशा चालीनं. ती संपली, दांड्या वर गेल्या, आणि हिरामण सुटला. उरलेल्या रस्त्यात त्यानं जिवाचं रान केलं. तिघांपैकी एकाला गाठलं, दुसऱ्याच्या चाकाला चाक लावलं, आणि पहिल्यापासून अर्ध्या मिनिटानं तिसरा आला. टिकमदास कमिटीशी भांडला, की फाटक बंद होतं, याचा वेळ वजा करा. कमिटी म्हणाली, फाटक बाकीच्यांनाही बंदच होतं. नोकरी पहिल्याला गेली. तिसऱ्याला मिळालं भिंतीवरचं घड्याळ.

संध्याकाळी जेवताना अंजनीनं नवऱ्याला सरळ विचारलं, "गाडी जवळ आली होती का हो?" खरं सांगायची ती वेळ होती, घरातलीच तीन माणसं होती, कोण फाशी देणार होतं? पण तो म्हणाला, "अगदी तोंडावर आली होती." हिरामण खाली मान घालून जेवत होता. तो म्हणाला, की दादाचं काही चुकलं नाही वहिनी, नियमच आहे तो. मग त्यानं भात मागून घेतला. ते घड्याळ अंजनीनं तसबिरीशेजारी लावलं आणि धर्मराजला घरात मान वर करून बघायची चोरी झाली.

पुढचं काय, लोकांचं होतं तसंच झालं. कारखान्यातला ब्रेक लांबला तो लांबलाच. रेसची सायकल हिरामण स्वतःच टिकमदासच्या दुकानात टांगून आला. टिकमदासच्या मेव्हण्याची उल्हासनगरात बेकरी होती, तिथं पावाची लाइन मिळाली. मागे मोठी पत्र्याची पेटी, हँडलला रबरी भोंगा, पहाटे उल्हासनगरातून निघायचं आणि वांगणीपर्यंतच्या गावागावांत पाव, खारी, बटर टाकत जायचं. रोजचे साठेक किलोमीटर. शर्यतींच्या दिवसांतही रोज एवढे कधी पडले नव्हते. लग्न झालं, बकुळा बायको म्हणून आली, बदलापुरात हेंद्रेपाड्याला खोली घेतली, दोन मुली झाल्या. आणि जाताना एकदा, येताना एकदा, वाटेत धाकल्याला थोरल्याचं फाटक.

धर्मराज आठवड्याभरात आपल्या चार मिनिटांवर परत आला होता. नियम त्याला त्या एका सकाळपुरताच सुचला होता. पण हिरामणच्या जाण्यायेण्याच्या दोन्ही वेळा नेमक्या गाडीच्या, फाटक पडलेलं असायचं आणि तो थांबायचा. बाकीचे सगळे वाकून जायचे, मास्तर जायचे, पोलीस पाटील जायचा, डोक्यावर भारा घेतलेल्या बाया जायच्या. हा एकटा पाव निवत असताना केबिनच्या खिडकीशी सायकल टेकवून उभा राहायचा, हात लांब केला तर लागेल इतक्यावर. गरम पाव काढून खिडकीतून आत द्यायचा. वहिनीचे गुडघे, मुलींची शाळा, बुवापाड्यातलं पाणी, सगळं बोलणं व्हायचं. धर्मराज रजिस्टरात डोकं घालून हं हं करायचा. त्याला वाटायचं, हा मुद्दाम थांबतो. मला दाखवायला थांबतो, की बघ, मी अजून तुझ्या शब्दाला जागतोय. रोज दोनदा ही शिक्षा. त्यानं एकदा बदलीचा अर्ज लिहिला आणि फाडला, कारण शिक्षा चुकवावी असंही त्याला वाटेना. किती वेळा जिभेवर आलं असेल त्याच्या. पण अकरा वर्षं गेली आणि दर वेळी गाडी आधी यायची.

सत्त्याण्णव साली शेजारी पूल बांधून झाला आणि फाटक बंद करायचा हुकूम आला. शेवटच्या दिवशी सोमानं सगळ्यांना फुकट चहा पाजला, कुणीतरी धर्मराजला हार घातला. दुपारी उशिरा हिरामण रिकामी पेटी घेऊन वांगणीकडून आला. छत्तिसाव्या वर्षी कानशिलं पांढरी झालेली, उजव्या गुडघ्याला पट्टा. फोन येऊन गेला होता. दांड्या शेवटच्या खाली आल्या होत्या. तो नेहमीच्या जागी खिडकीशी थांबला.

धर्मराज रजिस्टर तसंच टाकून बाहेर आला. गळ्यात हार होता, तो काढायचंही त्याला सुचलं नाही. म्हणाला, "हिरामण, त्या दिवशी मालगाडी नुकती वांगणीतून सुटली होती. तुला सोडता आलं असतं. लोक काय म्हणतील म्हणून पाडलं मी गेट. आणि घरी खोटं बोललो."

हिरामण रुळाकडे बघत होता. "माहीत आहे दादा," तो म्हणाला. "बाराव्या वर्षापासून डबा आणायचो मी. तुझी चार मिनिटं मला पाठ होती."

"मग कधी बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून रोज थांबायचो."

गाडी आली आणि गेली. पलीकडे मोटारसायकलींनी भोंगे वाजवायला सुरुवात केली, पण धर्मराजचा हात चाकाकडे जाईना. रोज दोनदा, अकरा वर्षं, हा माणूस हाताच्या अंतरावर पाव हातात घेऊन उभा होता आणि आपण त्याला शिक्षा समजत बसलो, हे त्याच्या डोक्यात शिरत होतं आणि पुरतं शिरत नव्हतं. त्याला रडूच फुटलं, हाराबिरासकट, भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत. या वेळी कोण बघतंय याची त्याला शुद्ध नव्हती. हिरामणनं पुढे होऊन त्याचा हात धरला आणि चाकावर ठेवला. "उचल दादा, लोक खोळंबलेत," म्हणाला. दोघांनी मिळून दांड्या वर केल्या आणि हिरामण लंगडत पेडल मारत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी धर्मराज सामान ताब्यात द्यायला केबिनवर आला. आता बोलायला त्याच्याजवळ पुष्कळ होतं. सकाळची वेळ धरून त्यानं सोमाला दोन चहा सांगितले. थोड्या वेळानं पावाचा भोंगा ऐकू आला, पण वरून, पुलावरून. पुलावर उभं राहायला जागा नाही, मागून गाड्या येतात. भोंगा वांगणीच्या दिशेनं लांब लांब गेला. धर्मराजनं एक चहा घेतला. दुसरा बाकावर तसाच निवत राहिला.